लेखिकेचं नाव नसल्यास

आई, तुझी सूची अखेर छापून येणार. तू गेल्यावर इतकी वर्षं ती खोक्यांमध्ये पडून होती आणि ती खोकी माझ्याकडे नव्हती, तुझ्या विद्यार्थिनीकडे होती. म्हटलं, आधी तेच लिहून टाकावं. तुझी ती कार्डं, बारीक तिरक्या अक्षरातली, मराठी बायांनी घरातल्या कामांवर लिहिलेल्या पुस्तकांची. स्वयंपाकाची, विणकामाची, बाळंतिणीच्या आहाराची, रांगोळ्यांची, उखाण्यांची. दिवाळी अंकांबरोबर फुकट मिळणाऱ्या पुस्तिकासुद्धा तू सोडल्या नाहीस. ती सगळी कासारसाईला तिच्या घरी लोखंडी कपाटात होती. तूच दिलीस तिला. मी विचारलं तेव्हा म्हणालीस, "तुझ्या फ्लॅटमध्ये कुठे ठेवशील?" आणि खरंच, हिंजवडीतल्या माझ्या त्या दोन खोल्यांत चपलांचं कपाट ठेवायला जागा नव्हती. पण तू विचारून तर बघायचं होतंस.

ती पहिल्यांदा आपल्या घरी आली तो दिवस मला अजून दिसतो. बाबांच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे आपण लातूरकडून उठून पिरंगुटला आलो होतो, बाजाराच्या मागे भाड्याच्या खोल्यांत राहत होतो आणि तू रोज बसने पौडच्या बाजूला कॉलेजात शिकवायला जायचीस. मी नववीत आहे. शाळेतून येते तर स्वयंपाकघरात ओट्याशेजारी खाली चटईवर एक मुलगी बसलेली, केसांना तेल, मांडीवर कार्डांचा गठ्ठा. तू तव्यावर थालीपीठ लावत होतीस आणि मागे न बघता तिला सांगत होतीस, "अपूर्णविराम कुठे टाकलास ते वाच मला." ती वाचत होती. तू म्हणालीस, "नाही, लेकरा, तो गावाच्या नावानंतर येतो." लेकरा. हा आजीचा शब्द, आपल्या गावाकडचा, आणि तो तू मला कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. मला तू नावाने हाक मारायचीस, हजेरी घेतल्यासारखी. त्या दिवशी मला म्हणालीस, "ही माझी विद्यार्थिनी. हिला ताई म्हण, आणि जरा दूध घेऊन ये." मी दूध आणायला गेले. परत आले तेव्हा पहिलं थालीपीठ तिच्या ताटलीत होतं. ते कडेने कुरकुरीत झालेलं, जे घरात कायम माझं असायचं.

मग ती येतच राहिली. शनिवारी तर सकाळपासून. तुम्ही दोघी कार्डं मांडून बसायचात आणि मी आतल्या खोलीत गणितं सोडवायचे. गणितं मला येत होती, पण कान बाहेर असायचे. तुला हसताना मी तेव्हाच ऐकलं. ती बोलायची तिच्या गावासारखं. "मॅडम, ह्या बाईचं नाव कुटं बी न्हाई छापल्यालं," असं म्हणायची आणि तुला त्यात काही खटकायचं नाही. एकदा मी तुला म्हणाले, "मी न्हाई जानार शाळंत." वर्गातल्या सगळ्या मुली तसंच बोलायच्या. तू हातातलं काम बाजूला ठेवलंस आणि म्हणालीस, "नीट बोल." मी म्हटलं, "ताई बोलते ते चालतं." तू शांतपणे सांगितलंस, "तिची भाषा तिची आहे. तुझी उसनी आहे. उसनं घ्यायचं तर कुणाकडून घेतलं ते सांगायचं असतं." तू रागावली नव्हतीस, तू मला शिकवत होतीस, हे आता कळतं. तेव्हा एवढंच कळलं की जे तिला शोभतं ते मला शोभत नाही.

आणि ती इरकल. तिला पीएचडी मिळाली तेव्हा तू आजीची जांभळी इरकल तिला दिलीस. मी तेव्हा नोकरीला लागले होते, माझ्या पगारातून तसल्या चार घेता आल्या असत्या. तरी मी म्हटलं, "ती मला हवी होती." तू खरंच चकित झालीस. "तू साडी नेसतेस कधी?" म्हणालीस. नाही नेसत. आजही नाही नेसत. पण आई, ती कपाटात घडी करून ठेवली असती ना मी.

शेवटच्या दिवसांत दवाखान्यातही तेच. मी रजा काढून तुझ्याजवळ होते, पण रजेतही कामाचे फोन चालू होते, म्हणून खिडकीपाशी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचे. ती पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून कार्डं वाचून दाखवायची. तू डोळे मिटून ऐकायचीस आणि मध्येच बोट हलवायचीस, म्हणजे चूक. मी पाणी द्यायचे, उशी नीट करायचे, डॉक्टरांशी बोलायचे. येणारी-जाणारी नर्स तिला विचारायची, "आईंनी जेवण घेतलं का?" ती म्हणायची, "मुलगी ती हाय, मी न्हाई." पण नर्स दुसऱ्या दिवशी पुन्हा तिलाच विचारायची.

आता यंदाचं सांगते. पावसाळा संपता संपता तिचा फोन आला. ती आता स्वतः कॉलेजात शिकवते, हे तुला माहीत आहेच. म्हणाली, पुण्यातला एक छोटा प्रकाशक सूची छापायला तयार झालाय, सगळी कार्डं तिने संगणकावर चढवलीत, पण नोंदी तुझ्या पद्धतीने दिसत नाहीत. तयार पद्धती मिळतात त्या सगळ्या इंग्रजी वळणाच्या, आडनाव आधी, मग स्वल्पविराम. "तू त्यातली हायेस, तुला काही करता येईल का?" त्यातली म्हणजे संगणकातली. मी लगेच हो म्हटलं. खरं सांगू, मला आनंद झाला तो तुझ्या पुस्तकाचा नाही. तिला जे येत नाही ते मला येतं, ह्याचा झाला.

पुस्तकाच्या शेवटी संदर्भ कसे दिसावेत, हे संगणकाला सांगायला एक वेगळी फाइल लागते. ती हाताने लिहायची म्हणजे डोकेदुखी. म्हणून कुणीतरी एक साधन बनवून सगळ्यांसाठी फुकट ठेवलंय. त्याला चित्रं नाहीत की बटणं नाहीत. काळ्या खिडकीत एक आज्ञा टाइप करायची, मग ते एकेक प्रश्न विचारत जातं. आपण उत्तर टाइप करायचं, की पुढचा प्रश्न. सगळे संपले की तुमच्या पद्धतीची फाइल तयार. मला वाटलं, तासाभराचं काम आहे. एका शनिवारी सकाळी मी एकटीच चहा घेऊन बसले. पहिला प्रश्न आला, लेखकाचं नाव आधी की आडनाव आधी? आणि माझा हात थांबला. मला माहीत नव्हतं. आई, इतकी वर्षं मी त्या भिंतीपलीकडे बसून ऐकलं होतं आणि मला पहिल्या प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. खिडकीत कर्सरची उभी रेघ लुकलुकत राहिली. मग मी तिला फोन केला आणि ये म्हटलं.

ती पुढच्या शनिवारी आली. कासारसाई इथून काही लांब नाही, पण कंपन्यांच्या गाड्यांमध्ये अडकून तिला यायला उशीर झाला. आल्यावर खिडकीतून खाली बघत म्हणाली, "आमच्या भावानं बी आता वावरात खोल्या बांधल्यात. सगळी तुमच्यातली पोरं ऱ्हात्यात." मी चहा दिला आणि तिला माझ्या शेजारी बसवलं. मी प्रश्न मराठीत सांगत होते, ती उत्तरं देत होती. एकही कार्ड तिने बरोबर आणलं नव्हतं.

"नाव आधी," ती म्हणाली. "आन् 'सौ.' काढून टाकायचं. मॅडम म्हणायच्या, नवरा कोण हाय ते पुस्तकाला काय करायचंय?"

"लेखक जास्त असतील तर पहिल्याचं नाव देऊन 'आणि इतर' लिहायचं का?"

"न्हाई, न्हाई. सगळ्या. महिला मंडळाचं पुस्तक आसलं नि वीस बाया आसल्या तरी वीस लिहायच्या."

"गावाचं नाव प्रकाशकाच्या आधी की नंतर?"

हे मला येत होतं. अपूर्णविरामाचा तो दिवस मी विसरले नव्हते, आणि दारात कुणी आलं की तुझा पहिला प्रश्न "गाव कुठलं?" हाच असायचा. मी तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, "आधी. मॅडमना गाव आधी लागायचं." आणि हसली. मी टाइप केलं. तिचं हसणं तुझ्यासारखं आहे, खालचा ओठ आत ओढून, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि पुढचे दोन प्रश्न मी तिच्याकडे न बघताच विचारले.

मग आला तो प्रश्न. लेखकाचं नाव नसल्यास? त्या साधनाकडे ह्याचं एकच उत्तर होतं. पुस्तकाचं शीर्षक पुढे ओढून नावाच्या जागी आणायचं. मी तिला सांगितलं तर ती एकदम ताठ बसली. "न्हाई चालायचं. जागा मोकळी सोडायची. उद्या त्या बाईचं नाव कुणाला घावलं, तर लिहायला जागा पायजे ना." आपल्या सूचीत अशा बाया किती होत्या ते तुला माहीत आहे. 'एक गृहिणी', 'एक माता', आणि नुसतंच काही नाही.  वाटलं, हे अगदी तुझंच. हे तू तिला कधी सांगितलंस? मी दूध आणायला गेले होते तेव्हा?

त्या साधनात मोकळी जागा सोडायची सोयच नव्हती. मी तिला म्हटलं, हे मी करून देते. तिला अर्थात त्यातलं काही कळलं नाही, पण ती गेल्यावर मी ते साधन आतून उघडलं आणि पुढचा सगळा आठवडा ऑफिसातून आले की त्यावर बसले. आई, मला माझ्या कामात इतकं सुख कधी मिळालं नव्हतं. दुसऱ्याने लिहिलेल्या कोडमध्ये तुझ्यासाठी जागा करायची होती. मी तिथे नवीन प्रश्न घातला. लेखकाचं नाव नसल्यास शीर्षक पुढे घ्यायचं, की जागा मोकळी सोडायची? ते चालायला लागल्यावर मी तो बदल मूळ साधन सांभाळणाऱ्या माणसाकडे पाठवला. तो कुठल्या देशात राहतो मला माहीत नाही. त्याने एकदोन शंका विचारल्या आणि बदल ठेवून घेतला. म्हणजे आता जगात कुठेही कुणी ते साधन चालवलं की त्याला तो प्रश्न विचारला जाणार. मला वाटलं, तिच्याकडे तुझी खोकी असू देत, इरकल असू दे. तुझा प्रश्न जगभर नेला तो मी.

हे तिला सांगायला मी कासारसाईला गेले. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, मला तिचं तोंड बघायचं होतं. धरणाकडे तोंड करून तिच्या घराला ओसरी आहे, तिथे आम्ही बसलो. मी लॅपटॉप उघडून दाखवलं, म्हटलं, "बघ, आईचा प्रश्न. आता सगळ्यांना विचारतंय ते." तिने बघितलं. पडद्यावरच्या ओळीवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाली, "ते मॅडमचं न्हाई गं."

"म्हणजे?"

"मॅडम आडवी रेघ मारायच्या. नाव नसलं की रेघ. मोकळी जागा सोडायची, हे माझ्या मनातलं हाय."

ती आत गेली, कपाट उघडून एक कार्ड घेऊन आली. लोणच्यांचं एक पुस्तक होतं. वर नावाच्या जागी तुझ्या शाईची जाड रेघ. मी दुसरं मागितलं. त्यावरही रेघ.

माझा आवाज चढला. "मग तू त्या दिवशी आईचं म्हणून का सांगितलंस?"

"मी कुटं म्हनले मॅडमचं? तू विचारलंस, मी सांगितलं." मग कार्ड हातात फिरवत म्हणाली, "खरं सांगू का, मला आता कळतच न्हाई, कुठलं त्यांचं नि कुठलं माझं. मला वाटलं, मॅडमना पटलं आसतं."

आई, तिच्या कपाटातल्या कार्डांचा मी इतका हेवा केला नाही, जितका ह्या एका वाक्याचा केला. मला बरोबर माहीत आहे, काय तुझं आणि काय माझं. 'नीट बोल' हे तुझं. 'तू साडी नेसतेस कधी' हे तुझं. जे तू बोललीस तेवढंच माझ्याकडे आहे आणि त्यात एक शब्दही वाढत नाही. तिच्याकडे तू अजून बोलतेस. नवीन बोलतेस. आणि वर ते ऐकून मला, तुझ्या पोटच्या मुलीला, क्षणभरही शंका आली नाही की हे तुझं नाही.

मी तिथल्या तिथे म्हटलं, "मग रेघच हवी. पुस्तक आईचं आहे." ती म्हणाली, "तू म्हणशील तसं." वाद घातला असता तर बरं झालं असतं. येताना गाडीत मी रडले नाही, पण हिंजवडीकडे वळायचं सोडून घोटवड्याच्या रस्त्याला लागले आणि फिरून मागे यावं लागलं. घोटवड्याला माझं काही काम होतं असंही नाही, मला फक्त घरी जायचं नव्हतं.

मी फाइल हातानेच बदलली. मोकळ्या जागेत रेघ घालून ती तिला पाठवली आणि तिने एका शब्दाने उलट न विचारता पानं लावायला दिली. थोड्या दिवसांनी प्रूफं आली. तिने एक प्रत मला पाठवली होती. रविवारची दुपार होती, मी जेवण करून ती चाळायला घेतली. तुझ्या कार्डावर रेघ एकटी असायची, एका कार्डावर एक, आणि तिच्याभोवती तुझं अक्षर असायचं. इथे एका पानावर एकाखाली एक, एकाखाली एक. काळ्या जाड रेघा. कुणीतरी बसून बायांची नावं खोडून टाकल्यासारखं ते पान दिसत होतं. मी ते बराच वेळ धरून बसले. तू हे पान बघितलं असतंस तर काय केलं असतंस, हे मला ठरवता येईना. खूप प्रयत्न केला. तुझा आवाज आणून बघितला, तो 'नीट बोल' एवढंच म्हणाला. शेवटी मी साधन पुन्हा चालवलं आणि त्या प्रश्नाशी आल्यावर मोकळी जागा असं उत्तर दिलं. तुला पटलं असतं असं ती म्हणते. मी तिच्या शब्दावर ते केलं. तुझ्याबद्दल मला तिचा शब्द घ्यावा लागला, आई.

तिला मी नवी फाइल पाठवली तेव्हा सोबत काही लिहिलं नाही. तिचा फोन आला. "बदललंस व्हय," एवढंच म्हणाली. मी हो म्हटलं. मग म्हणाली, संपादक म्हणून दोघींची नावं टाकूया. मी नको म्हटलं. काम तिचं आहे, हे मला कळतं. आणि खरं म्हणजे तिच्या नावाशेजारी माझं नाव आलं की लोक विचारणार, ह्यातली मुलगी कोणती. दवाखान्यातल्या नर्सला जे कळलं नाही ते वाचकांना कुठून कळणार?

काल ती पुन्हा बोलली. प्रस्तावना लिहिते आहे. म्हणाली, "एवढ्या बायांची स्वयंपाकाची पुस्तकं मॅडमनी गोळा केली, पण त्यांचं सोताचं काहीच लिहिल्यालं न्हाई. शेवटाला त्यांची एक कृती टाकावी म्हणते. ते येसर करायच्या ना त्या, आमटीला लावायचं, गावाकडचं. मी लई येळा खाल्लं, पण करताना कधी बघितलं न्हाई. तुला येतं का?"

बरोबर आहे, तिने बघितलं नसणार. येसराचं पीठ तू दिवाळीच्या सुट्टीत करायचीस, तेव्हा कॉलेज बंद असायचं आणि ती तिच्या गावी असायची. धान्यं वेगवेगळी भाजायची, एकत्र नाही. बाजरी अगदी शेवटी आणि मंद आचेवर, तिचा वास बदलेपर्यंत. तू मला ओट्याजवळ उभं करायचीस आणि विचारायचीस, "आला का वास?" मी 'आला' म्हटल्याशिवाय तू गॅस बंद करायची नाहीस. तुझं नाक सर्दीने कायम चोंदलेलं असायचं, म्हणून तो एक निर्णय माझा असायचा.

मी तिला म्हटलं, "नाही गं. मला कुठे येतं. आईने कधी शिकवलंच नाही."

ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे मग," आणि तिच्या आवाजात इतकं खरं वाईट वाटणं होतं की मी लगेच दुसरा विषय काढला.

हे तुला सांगून काय उपयोग? हे पत्र कुठे जाणार नाही, आणि तिला तर मी हे दाखवणार नाहीच. पण मला येसर येतं, आई. दर दिवाळीत करते. ह्या वर्षीचं परवाच केलं, आणि ती शनिवारी जेवायला येणार आहे म्हणून डबा आत्ता कपड्यांच्या कपाटात ठेवून आले.